लंडन ते पॅरिस : दारापासून दारापर्यंत

मी लंडनला राहते म्हणून भारतातून येणारे पाहुणे हमखास विचारतात, "पॅरिस विमानाने किती लांब गं?" सरळ रेषेत ३४४ किलोमीटर. पण नुसत्या अंतरावर बेत आखू नये. इतक्या फेऱ्यांनंतर माझे आडाखे असे :

१. तिकिटावरचा सव्वा तास गेटपासून गेटपर्यंतचा असतो. हीथ्रो ते शार्ल द गॉल या प्रवासात विमान हवेत असतं ते पाऊण तासाच्या आसपास. बाकीचा वेळ धावपट्टीपर्यंत जाण्यात आणि नंबर लागण्यात जातो. परतताना हीथ्रोवर गर्दी असली, की आकाशातच घिरट्या.

२. पॅरिसचं घड्याळ एक तास पुढे. लंडनहून दहाला निघालात तर तिथे सव्वाबारा वाजलेले. येताना मात्र दहाचं विमान सव्वादहाला पोचवतं. म्हणून कामाची भेट दुपारची ठरवावी.

३. विमानतळाच्या नावाला भुलू नये. शार्ल द गॉल शहरापासून २५ किलोमीटरवर, लोकलने अर्धा-पाऊण तास. बोव्हेचा विमानतळही पॅरिसच्याच नावावर खपतो, पण तो आहे सुमारे ८५ किलोमीटरवर. स्वस्त तिकिटात बसचं भाडं आणि सव्वा तास मिळवूनच ते स्वस्त म्हणावं.

४. युरोस्टार या रेल्वेगाडीला सव्वादोन तासांहून थोडं जास्त लागतं. तरी बहुधा तीच आधी पोचवते, कारण सेंट पँक्रस आणि गार द्यू नोर ही दोन्ही स्थानकं भर शहरात. वाटेतला १९९४ साली सुरू झालेला बोगदा ५० किलोमीटरचा, त्यातले ३८ समुद्राखाली; खिडकीतून दिसतो नुसता काळोख. मात्र ऐन वेळी धावत जाऊन पकडायची ही गाडी नव्हे, तासभर आधी पोचावंच.

५. हा तासभर लागतो तो सीमेमुळे. फ्रेंच पोलीस पासपोर्ट लंडनच्या स्थानकातच तपासतात, त्यामुळे पॅरिसला उतरलं की थेट रस्त्यावर. ब्रिटनचा व्हिसा तिथे चालत नाही. शेंगेन वेगळा काढावा लागतो. भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी या प्रवासातला सर्वांत लांब टप्पा म्हणजे त्याची अपॉइंटमेंट. आधी ती, मग तिकीट.

६. गाडीत द्रवाला १०० मिलीची अट नाही, तेव्हा लोणच्याची बरणी बिनधास्त न्यावी. साजूक तूप मात्र घरीच ठेवावं : ब्रिटनमधून युरोपीय संघात दुधाचे पदार्थ न्यायला प्रवाशांना मनाई आहे.

७. म्हणून विमान वाईट असं नाही. तुम्ही हीथ्रोजवळ हाउन्सलोत राहत असाल किंवा शार्ल द गॉलहून पुढचं विमान पकडायचं असेल, तर विमानच बरं. मुक्काम पॅरिस शहरात असेल, तर मी रेल्वेच सुचवते.