डॉक्टर व्हायचे आहे? आधी आठवड्याचे तास मोजा

दहावीचा निकाल लागून अकरावी सायन्सचे प्रवेश आटोपले की दोन-तीन महिन्यांत आमच्या दवाखान्यात एक नवा रुग्णवर्ग येऊ लागतो. वय सोळा ते अठरा. तक्रारी ठरलेल्या. डोके दुखते, छातीत जळजळते, रात्री झोप लागत नाही, दिवसा डोळे मिटतात, वाचलेले लक्षात राहत नाही. सोबतची आई म्हणते, "डॉक्टरसाहेब, पोरगी अभ्यास तं लय करते, पण अंगात ताकदच नाही. एखादं टॉनिक लिहून द्या." मी टॉनिकआधी एक प्रश्न विचारतो, "काल रात्री किती वाजता झोपलीस आणि सकाळी किती वाजता उठलीस?" पुष्कळदा निदान त्या उत्तरातच सापडते.

मेडिकलला जायचे ठरवलेल्या मुलामुलींच्या डोक्यावर एकाच वेळी किती ओझी असतात आणि त्यांचा तोल कसा सांभाळावा, याचा विचार आज करू.

ओझे किती?

आमच्या वेळी राज्यात मेडिकलचा प्रवेश बारावीच्या गुणांवर मिळत असे. आता बारावी बोर्ड वेगळे आणि 'नीट' वेगळी. २०२५ च्या नीटमध्ये १८० मिनिटांत १८० प्रश्न होते. जीवशास्त्राचे ९०, भौतिकशास्त्राचे ४५ आणि रसायनशास्त्राचे ४५. बरोबर उत्तराला चार गुण, चुकले तर एक गुण वजा. म्हणजे येत असलेला प्रश्न थकलेल्या डोक्याने चुकवला तर पाच गुणांचा फरक पडतो. त्या वर्षी देशभरात २२ लाखांहून अधिक मुलांनी ही परीक्षा दिली. एमबीबीएसच्या जागा साधारण सव्वा लाखाच्या घरात.

हा आकडा मी घाबरवण्यासाठी देत नाही. मेहनत करूनही बहुतेकांना ही जागा मिळणार नाही, हे गणित घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावे. जागा मिळो वा न मिळो, दोन वर्षांनी शरीर आणि मन तेच घेऊन पुढे जायचे आहे. ते मोडून मिळवलेले गुण फार महाग पडतात.

१६८ तासांचा हिशेब

आठवड्यात १६८ तास असतात, कलेक्टरच्या मुलालाही आणि शेतमजुराच्या मुलीलाही. कागद-पेन्सिल घेऊन बसा. रोज आठ तास झोप म्हणजे ५६ तास. कॉलेज रोज पाच तास, सहा दिवसांचे ३०. क्लास रोज तीन तास, त्याचे १८. देवळी, सेलू किंवा पुलगावहून वर्ध्याला एसटीने येण्याजाण्यात आणि थांब्यावर वाट पाहण्यात रोज दोन तास गेले तर त्याचे १२. आंघोळ, जेवण वगैरे रोज दोन तास, त्याचे १४. बेरीज झाली १३०. उरले ३८. त्यात स्वतः बसून करायचा अभ्यास रोज चार तास धरला, तर सहा दिवसांचे २४ गेले. हाती राहिले अवघे १४ तास, म्हणजे दिवसाला दोन.

या दोन तासांतच घरकाम, शेत, खेळ, देवदर्शन, लग्नकार्य, मित्र आणि मोबाईल बसवायचे आहेत. आता यावर आणखी एक शिकवणी लावली किंवा दुसरी टेस्ट सिरीज घेतली, तर ते तास येणार कुठून? कॉलेजची वेळ हलत नाही, एसटीची हलत नाही. कापली जाते ती झोप, कारण तीच तक्रार करीत नाही. निदान पहिले काही दिवस तरी.

झोप हा अभ्यासाचाच भाग

तेरा ते अठरा या वयात रोज आठ ते दहा तास झोप लागते. या वयात शरीराचे घड्याळच थोडे उशिरा चालते, त्यामुळे रात्री लवकर झोप येत नाही आणि सकाळी उठवत नाही. याला आळस म्हणू नये. दिवसभर वाचलेले मेंदूत पक्के बसण्याचे काम पुष्कळसे झोपेत होते. रात्री दोनपर्यंत जागून पाचला उठणारा मुलगा बी पेरतो आणि पाणी द्यायचे विसरतो.

जागे राहण्यासाठी चहा-कॉफी घेण्याची पद्धत घातक. चहातील कॅफीनचा निम्मा भाग पाच-सहा तासांनंतरही अंगात असतो. रात्री नऊचा चहा मध्यरात्रीनंतरही झोप लागू देत नाही. जागरणाच्या किंवा झोपेच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून घेऊ नयेत. दुपारी वीस मिनिटांची डुलकी चालेल, दोन तासांची नको. आणखी एक गोष्ट. २०२५ ची नीट दुपारी २ ते ५ या वेळेत, मे महिन्यात झाली. मेंदू दुपारी तल्लख हवा असेल तर शेवटच्या तीन महिन्यांत सराव परीक्षाही दुपारीच सोडवाव्यात. आपल्याकडच्या उन्हात भरपूर पाणी पिण्याची सवयही आधीपासूनच लावावी.

बाहेरची कामे सोडावीत का?

पालकांचा हा नेहमीचा प्रश्न. काही घरांत मुलाला ताटही उचलू देत नाहीत. काही घरांत सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी आली की मुलगा पंधरा दिवस कॉलेजात दिसत नाही. मुलींच्या बाबतीत स्वयंपाक, भांडी आणि धाकट्यांचे करणे कोणी 'काम' म्हणून मोजतच नाही. भाऊ पुस्तक घेऊन बसतो आणि बहीण पोळ्या लाटून झाल्यावर बसते. तिचे ते दोन तास आधीच संपलेले असतात.

दोन्ही टोके चुकीची. याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये, गांधी शताब्दीच्या वर्षी, सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. तेथे एमबीबीएसचा प्रचंड अभ्यास असूनही विद्यार्थ्यांना खादी, श्रमदान आणि प्रार्थना यांची शिस्त लावण्यात आली. नव्या विद्यार्थ्यांचे आश्रमात शिबिर आणि पुढे दत्तक गावात राहून कुटुंबांच्या आरोग्याची विचारपूस, असा क्रम घालून दिला. नीट येण्यापूर्वी तेथील प्रवेश परीक्षेत गांधीविचारांचा पेपरही असे. आता देशभरच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात कुटुंब दत्तक घेण्याचा कार्यक्रम आला आहे.

यातून शिकण्यासारखे दोन मुद्दे. पहिला, पुस्तकाबाहेरचे काम डॉक्टर घडण्याच्या आड येत नाही. ज्याने घरातल्या आजारी आजीला पाणी दिले, शेतात पाठ वाकवली, त्याला पुढे रुग्णाचे दुखणे लवकर कळते. दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा. तेथे त्या कामाची वेळ ठरलेली असते. ते अभ्यासाच्या डोक्यावर वरून लादलेले नसते.

म्हणून माझा सल्ला असा. बाहेरचे एकच काम ठेवा, पण नेमाने करा. खेळ असेल तर रोज अर्धा-पाऊण तास. शेत असेल तर रविवारची सकाळ. हंगामात जास्त हात लागणार असतील तर आई-वडिलांनी ते दिवस दसऱ्याआधीच मुलाशी बोलून ठरवावेत. घरकाम भाऊ-बहिणीत सारखे वाटून घ्यावे. बाकी सारे दोन वर्षांपुरते नम्रपणे नाकारावे. आणि कापायचेच असेल तर आधी दुसरी शिकवणी कापा. २०२४ मध्ये केंद्र सरकारने क्लासेससाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांतही दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त वर्ग नको आणि आठवड्याची सुटी हवी, असे सांगितले आहे.

ताटाकडे लक्ष

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त होत्या. दम लागणे, डोके जड होणे, लक्ष न लागणे ही त्याची लक्षणे, आणि ती अभ्यासाच्या कंटाळ्यासारखीच दिसतात. म्हणून एकदा हिमोग्लोबिन तपासावे. शाळा-कॉलेजात मिळणारी लोहाची निळी गोळी आठवड्याला नियमित घ्यावी. उपाशीपोटी एसटी पकडू नये. डब्यात भाकरी, पालेभाजी, वरण आणि लिंबाची फोड असावी. खिशात फुटाणे किंवा गूळ-शेंगदाणे. जेवणासोबत चहा नको, त्याने लोह अंगी लागत नाही.

हे दिसले तर थांबू नका

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास राहणे, बोलणे बंद होणे, जेवण तुटणे, विनाकारण रडणे, आवडता खेळही नकोसा वाटणे, 'माझ्याने काही होणार नाही' किंवा 'मी नसते तर बरे झाले असते' असे बोलणे. याला नाटक समजू नये. ओरडू नये, शेजारच्या मुलाशी तुलना करू नये. जवळ बसून ऐकून घ्यावे, त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे. १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर दिवसरात्र मोफत सल्ला मिळतो. हा क्रमांक घरातील कॅलेंडरवर लिहून ठेवा.

पालकांनो, या रविवारी मुलासोबत बसून १६८ तासांचा कागद तयार करा. झोपेचे ५६ तास आधी लिहा, मग बाकीचे. जे मावत नसेल ते खोडा, पण झोप खोडू नका. निकाल कोणताही लागो, 'बारावीनंतर दुसरी वाटही आहे आणि त्या वाटेवरही आम्ही तुझ्यासोबत आहोत' हे वाक्य मुलाने परीक्षेपूर्वी तुमच्या तोंडून ऐकलेले असावे. नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी, आयुर्वेद, प्रयोगशाळा तंत्रज्ञान, सगळीकडे रुग्णांना चांगली माणसे हवीच आहेत.