पदापेक्षा काम लांब पल्ल्याचं

पुणे

चि. मृण्मयीस,


मिनेसोटात कायदा शिकताना ओजिब्वे जमातीच्या सरकारी कार्यालयात उमेदवारी करायचं ठरवलंस, याचा फार आनंद झाला. रुजू होण्याआधी मिल लॅक्सच्या ओजिब्वे जमातीच्या माजी प्रमुख मार्ज अँडरसन यांची कारकीर्द नीट अभ्यास.

१८३७च्या तहात ओजिब्वेंनी अमेरिकेला मोठा मुलूख दिला, पण तिथं शिकार, मासेमारी आणि जंगली भात गोळा करण्याचा हक्क राखून ठेवला. तो भात कसा काढतात, हे तिथं असताना जरूर बघ. होडीत दोघं असतात. एक जण लांब काठीनं होडी रेटतो, दुसरा एका दांडक्यानं ताटं वाकवून दुसऱ्या दांडक्यानं दाणे झोडपतो. काही दाणे पाण्यात पडतात, त्यांतूनच पुढचं पीक उगवतं. असं जगणं ज्या हक्कावर उभं आहे, तो हक्कच राज्य सरकार मानेना. म्हणून प्रमुख आर्थर गाहबो यांच्या काळात, १९९० साली, मिल लॅक्सच्या जमातीनं राज्यावर दावा लावला. वर्षभरातच गाहबो गेले आणि दाव्याची जबाबदारी अँडरसनबाईंवर आली.

त्या आयत्या वेळी उभ्या राहिल्या नव्हत्या. आधी प्रतिनिधी, मग सचिव-खजिनदार म्हणून त्यांनी कारभार पाहिला होता. १९९३मध्ये त्यांनी राज्याशी तडजोड ठरवली, ती राज्याच्या विधिमंडळानं फेटाळली. तरी अँडरसनबाई कोर्टात लढत राहिल्या. २४ मार्च १९९९ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी जमातीचा हक्क कायम ठेवला. त्याच काळात कॅसिनोच्या उत्पन्नातून शाळा, दवाखाने उभे राहिले.

आणि पुढच्याच वर्षी, २००० साली, मतदारांनी त्यांच्याऐवजी मेलनी बेंजामिन यांना प्रमुख म्हणून निवडलं! २००८मध्ये अँडरसनबाई पुन्हा प्रमुख झाल्या, २०१२मध्ये पुन्हा हरल्या. २०१३मध्ये त्यांचं निधन झालं.

बाळा, लोकांनी दिलेलं पद लोक परत घेतात, यात अन्याय नाही, ती लोकशाहीच आहे. पण निवडणूक हरल्यामुळे १९९९चा निकाल रद्द झाला नाही. गाहबोंनी सुरू केलेलं काम अँडरसनबाईंनी तडीस नेलं, आणि त्याचं फळ पुढच्या प्रत्येक प्रमुखाच्या हाती आलं. तूही आपल्या कामाचा हिशेब याच मापानं कर.

तिथं कुणाचा उद्धार करायला आले आहे, असं मनात आणू नकोस. त्यांचं स्वतःचं निवडून आलेलं विधिमंडळ आहे, न्यायालय आहे. तू एका सरकारच्या चाकरीत आहेस. तहाचा मूळ मजकूर वाच, जुनी इतिवृत्तं चाळ, वडीलधाऱ्यांसमोर कमी बोल. वाटाघाटीला बसशील तेव्हा खटल्याची तयारीही पूर्ण ठेव, म्हणजे समोरच्यानं नकार दिला तरी पाऊल मागे घ्यावं लागणार नाही. आणि तुझ्यानंतर त्या खुर्चीत बसणाऱ्याला पहिल्या दिवसापासून काम करता येईल, अशा फायली लावून ठेव.

तुझी,
आत्या