मत्स्यबीज सोडताना पाण्याचे तापमान

पावसाळ्यात ग्रामपंचायतीच्या तळ्यात कटला, रोहू व मृगळ यांची बोटुकली सोडली जाते. बीज जिवंत आले आणि सर्वांसमक्ष पाण्यात गेले, एवढ्यावर काम झाले असे समजण्यात येते. प्रत्यक्षात बरीच हानी त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत होऊ शकते; मेलेली बारीक पिले तळाशी गेल्याने ती पुष्कळदा कोणाच्या ध्यानातही येत नाही.

माशाला स्वतःच्या शरीराची उष्णता राखता येत नाही. भोवतीचे पाणी जितके उष्ण वा थंड, जवळजवळ तितकेच त्याचे शरीर. म्हणून पिशवीतील व तळ्यातील पाण्यात 4-5 अंशांचा फरक असताना बीज एकदम ओतले, तर त्याला तो आघात सोसत नाही.

यासाठी प्राणवायू भरलेल्या पिशव्या तोंड न सोडता 15 ते 20 मिनिटे तळ्यावर तरंगत ठेवाव्यात. हे काम सकाळी लवकर वा सायंकाळी करावे. भर उन्हात बंद पिशवी निवण्याऐवजी अधिकच तापते. नंतर तोंड उघडून तळ्याचे पाणी थोडेथोडे आत घ्यावे, पिशवी तिरपी धरावी व बोटुकली आपण होऊन बाहेर पडू द्यावी. पाहुण्यांची वाट पाहत पिशव्या काठावर उन्हात ठेवण्याची प्रथा मात्र सोडलेली बरी.

शाळेतील काचेच्या मत्स्यपेटीलाही हाच नियम. एका वेळी चौथा हिस्साच पाणी बदलावे. नवे पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून पेटीशेजारी ठेवावे, म्हणजे दोन्हींचे तापमान सारखे होते व नळाच्या पाण्यातील क्लोरिनही बरेचसे उडून जाते. माठातील पाणी बाष्पीभवनाने थंड झालेले असते. ते वापरू नये.