फलश्रुती आणि गुप्त पाठ : पेटंट औषधांच्या जाहिरातींची संहिता

१. प्रास्ताविक

पेटंट औषधांचा विचार आजवर प्रामुख्याने वैद्यक, व्यापार आणि कायदा या तीन अंगांनी झालेला आहे. या औषधांचा खप मात्र ज्या शब्दांवर अवलंबून होता, त्या शब्दांचा विचार वाङ्मयाच्या अभ्यासकांनीही करावयास हवा. डोकेदुखी, अपचन, निद्रानाश, अशक्तपणा अशा नित्याच्या तक्रारींवर ‘रामबाण’, ‘अक्सीर’, ‘हमखास गुणकारी’ उपाय सांगणारी जाहिरात ही वाचकाशी विशिष्ट नाते जोडणारी एक संहिता आहे. तिची घडण कोणत्या परंपरेतून आली आणि त्या परंपरेतील कोणता भाग तिने गाळला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रारंभी संज्ञेचा उलगडा आवश्यक आहे. ‘पेटंट’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘उघडे’ असा आहे. राजाने सर्वांना वाचता येईल अशा रीतीने दिलेली सनद हे त्याचे मूळ होय. आधुनिक पेटंटातही संशोधकाने आपली कृती जाहीर करावयाची आणि त्या बदल्यात काही वर्षांचा एकाधिकार मिळवावयाचा, अशी देवघेव असते. पेटंट म्हणून खपणाऱ्या बहुसंख्य औषधांनी असे पेटंट कधी घेतलेच नाही, कारण तसे केल्यास घटक उघड झाले असते. त्यांनी राखले ते नाव, वेष्टन आणि बाटलीचा आकार. म्हणजेच नाव ‘उघडे’ आणि वस्तू झाकलेली, असा हा विरोधाभास आहे.

२. फलश्रुतीची परंपरा

स्तोत्राच्या अखेरीस त्याच्या पठणाने कोणते फळ मिळते हे सांगणारी फलश्रुती मराठी वाचकास सुपरिचित आहे. आयुर्वेदीय ग्रंथांतही औषधाच्या योगानंतर अशीच फलश्रुती येते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील पहिल्या अध्यायात च्यवनप्राशाचा योग सांगितल्यावर तो कास, श्वास इत्यादी विकारांवर हितकर असल्याचे आणि त्याच्या सेवनाने वृद्ध च्यवनास पुन्हा तारुण्य लाभल्याचे सांगितले आहे. येथे अतिशयोक्ती नाही असे म्हणता येणार नाही. परंतु या फलश्रुतीच्या आधी द्रव्यांची नावे, त्यांची प्रमाणे आणि पाकाची कृती दिलेली असते. पाठ आणि फलश्रुती एकत्र नांदतात. ज्यास शंका येईल त्यास पाठ पडताळता येतो.

पेटंट औषधाच्या जाहिरातीने फलश्रुती ठेवली आणि पाठ काढून घेतला. औषधाचे नाव हीच एक संक्षिप्त फलश्रुती झाली. १८९३ साली मुंबईत काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी आणलेले ‘अमृतांजन’ आणि १९०१ साली लाहोरात पंडित ठाकुरदत्त शर्मा यांनी आणलेली ‘अमृतधारा’ या दोन्ही नावांनी अमृताचाच आधार घेतला, ही गोष्ट या दृष्टीने लक्षणीय आहे.

घराण्यात गुप्त ठेवलेली औषधे जुन्या काळीही होती, असा आक्षेप येथे घेता येईल. तो खरा आहे. तथापि तेथे औषध देणारा वैद्य गावच्या ओळखीचा असे आणि तो रोग्याची नाडी पाहत असे. छापखाना आणि टपाल यांनी हा दुवा तोडला. देणारा रोग्यास पाहत नाही, आणि घेणारा औषधास ओळखत नाही. ही पोकळी भरून काढण्याचे काम भाषेवर येऊन पडले.

३. यादी, कहाणी आणि पथ्य

हे काम जाहिरात तीन साधनांनी करते. पहिले साधन लक्षणांची यादी. थकवा, आळस, जेवणानंतर जडपणा, कामात मन न लागणे, ही लक्षणे कोणास कधीतरी जाणवत नाहीत? यादी रोगाचे वर्णन करीत नाही. ती वाचकाचे रूपांतर रोग्यात करते. जेरोम के. जेरोम याने १८८९ च्या ‘थ्री मेन इन अ बोट’ या पुस्तकाच्या आरंभीच हे नेमके टिपले आहे. यकृताच्या गोळ्यांचे पत्रक वाचताच निवेदकास त्यातील प्रत्येक लक्षण आपल्या ठायी आढळते. विनोद अतिशयोक्तीचा आहे, पण त्यातील निरीक्षण अचूक आहे.

दुसरे साधन प्रशस्तिपत्र. त्याची रचना आपल्या व्रतकहाण्यांशी ताडून पाहण्यासारखी आहे. आरंभी दुःख, सर्व उपाय थकणे, कोणीतरी वाट दाखविणे, श्रद्धेने आचरण आणि अखेर फलप्राप्ती हा क्रम दोहोंत समान आहे. घेतलेला वसा मध्येच टाकू नये हा कहाणीतील इशारा येथे ‘पूर्ण कोर्स घ्यावा’ या सूचनेत उतरतो.

तिसरे साधन पथ्य. गुण आला तर श्रेय औषधाचे. न आला तर पथ्य मोडले, असे म्हणण्यास जागा राहते. अपयशाची जबाबदारी अशा रीतीने रोग्याकडे वळते.

४. पाठ उघडा होतो तेव्हा

ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ साली ‘सीक्रेट रेमेडीज’ हा ग्रंथ प्रसिद्ध करून अशा औषधांचे रासायनिक पृथक्करण लोकांपुढे ठेवले. एका गिनीच्या मोलाची म्हणून गाजलेली बीचमच्या गोळ्यांची डबी एक शिलिंग दीड पेनीस विकली जाई. त्या गोळ्यांत कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण आढळला. घटकांची किंमत सुमारे अर्धा फार्दिंग, म्हणजे पेनीचा आठवा भाग.

सर्व प्रकार इतके निरुपद्रवी नव्हते. अमेरिकेत तान्ह्या मुलांना शांत करण्यासाठी खपणाऱ्या ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’मध्ये मॉर्फिन होते. १९०६ च्या कायद्याने अफू, मॉर्फिन, मद्यार्क यांसारख्या द्रव्यांचा उल्लेख वेष्टनावर करणे भाग पडले, तेव्हा मातांना ते कळण्याची सोय झाली. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया तान्ह्या मुलांना अफूची ‘बाळागोळी’ देत. ती पेटंट औषध नव्हती आणि तिच्यातील अफूही गुपित नव्हती. पण दिवसभर यंत्रापुढे उभे राहावयाचे आणि मूल सांभाळण्यास कोणी नाही, अशा स्थितीत मूल निजणे हीच गरज होती. ग्राहकाच्या भोळेपणास हसून हा प्रश्न संपत नाही, हे या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

एच. जी. वेल्सच्या ‘टोनो-बंगे’ या कादंबरीचे मोल याच ठिकाणी जाणवते. तीही १९०९ चीच. औषध निरर्थक आहे हे जाणूनही निवेदक जॉर्ज आपल्या काकाच्या धंद्यात सामील होतो. त्याचा कलावंत मित्र युअर्ट मात्र वेगळेच सुचवितो : लोक बाटली विकत घेत नाहीत, आपण पुरेसे जगत नाही ही जी त्यांची खंत असते, तिच्यावर ते उपाय शोधत असतात. पृथक्करणाने बाटलीतील द्रव्य कळते. ही भूक कादंबरीतून कळते.

५. कायद्याची मर्यादा

भारतात १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाने ठरावीक रोगांवरील औषधांच्या जाहिरातींस बंदी केली. मंत्र, कवच, ताईत यांनाही ‘जादूच्या उपायां’त गणले. १९५९ साली हमदर्द दवाखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काही तरतुदी रद्द केल्या, परंतु अशा व्यापारी जाहिरातीस भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण नाही असे ठरविले. अधिनियमाच्या अनुसूचीत कर्करोग, मधुमेह, मोतीबिंदू यांसारखे रोग आहेत. डोकेदुखी, अपचन, सर्दी तीत नाहीत. खोट्या दाव्यास कायद्याची सर्वसाधारण मनाई आहे. पण ‘उत्साह वाटेल’, ‘ताजेतवाने वाटेल’ या विधानांचे खरेखोटेपण कोणत्या प्रयोगशाळेत ठरणार? नित्याच्या तक्रारींचा प्रदेश अशा रीतीने बराचसा भाषेच्याच हाती राहतो.

६. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, पेटंट औषधाच्या जाहिरातीने फलश्रुती, कहाणी आणि पथ्य ही ओळखीची रूपे वापरली, म्हणूनच ती वाचकास परकी वाटली नाही. तिने नाकारला तो पाठ. म्हणून अशा संहितेचे वाचन करताना, ती किती रोगांचे नाव घेते यापेक्षा आपल्या घटकांविषयी कोठे मौन पाळते, हे पाहणे अधिक उद्बोधक ठरते. फलश्रुती कितीही लांबली तरी तिच्या आधीचा पाठ मागण्याचा वाचकाचा अधिकार कायम राहतो.