गाडी स्लोला का अडखळते?

मित्रांनो, डिझेल सायकलची आकृती आपण सगळेच डोळे मिटून काढतो. पण मागच्या दिवाळीत आबांनी विचारलं, "गाडी स्लोला अडखळते रे, काय झालं असंल?" तेव्हा माझी बोलतीच बंद झाली. गाडी म्हणजे आमचा २००४ सालचा, सहा सिलिंडरचा, जुन्या पद्धतीच्या इनलाइन डिझेल पंपाचा ट्रक. घर त्याच्यावरच चालतं. रस्त्यावर लोड घेऊन मस्त पळायचा, पण गिअर काढून स्लोला आला की अडखळायचा, कधी बंदच पडायचा.

मी पुस्तकी उत्तर ठोकून दिलं, "पंप कॅलिब्रेट करा." पंप उतरला, नोझलं तपासून आली, आठ हजार रुपये गेले, चार दिवस भाडं बुडालं. गाडी तशीच! मग गावच्या मिस्त्रींबरोबर बसून जे शिकलो ते इथे देतोय.

आधी एक हिशोब. फोर स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. म्हणजे ६०० आरपीएमला सहा सिलिंडर मिळून सेकंदाला ३० वेळा पेटतात. फ्लायव्हीलमधली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून १८०० आरपीएमला ती ६०० च्या नऊपट. एखादा ठोका चुकला तरी तिथे फ्लायव्हील सांभाळून घेतं, स्लोला मात्र लगेच धक्का जाणवतो. शिवाय स्लोला दर ठोक्याला डिझेलही अगदी थोडं जातं, त्यामुळे हवेचा लहानसा बुडबुडाही पुरतो. उलट, फिल्टर चोक असेल तर तक्रार जास्त करून लोडवर, चढाला येते. म्हणून "कधी अडखळते?" हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न, अडखळणं तालात आहे का? ठरावीक ठेक्यात मिसिंग असेल तर संशय एका सिलिंडरवर: नोझल, टॅपेट किंवा कॉम्प्रेशन. बेताल असेल, आरपीएम वरखाली होत असेल, तर डिझेलच्या लाइनवर किंवा गव्हर्नरवर.

तिसरं, धूर बघा. पांढरा म्हणजे न जळलेलं डिझेल, काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळतंय.

ताल असेल तर सिलिंडर एकेक करून तोडायचा. इंजिन स्लोला ठेवून नोझलच्या पाइपचा नट थोडा सैल करा. आवाज पडला तर तो सिलिंडर काम करतोय. काहीच फरक पडला नाही, तर चोर सापडला. मग त्याचं नोझल शेजारच्या सिलिंडरला लावून बघा. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल खराब, तिथेच राहिला तर टॅपेटचा गॅप, कॉम्प्रेशन आणि पंपाचा एलिमेंट बघा.

सावधान! नटावर फडकं टाका, गॉगल लावा, हात कधीही आडवा धरू नका. दोनशे बारच्या आसपासची डिझेलची धार कातडीत घुसते. तसं झालं तर दुखत नसलं तरी लगेच दवाखाना गाठा. आणि कॉमन रेलच्या नवीन गाडीवर हा प्रयोग अजिबात नको, तिथे प्रेशर हजार बारच्या वर जाऊ शकतं.

आमच्या गाडीला ताल नव्हता. मिस्त्रींनी आबांना विचारलं, "टाकी भरलेली असताना करते का?" आबा म्हणाले, "न्हाई, अर्धी झाली की जास्त." हेच आबांनी मलाही सांगितलं होतं, मी लक्षच दिलं नव्हतं!

टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन ओढीची असते, तिथे दाब वातावरणापेक्षा कमी. भोक पडलं तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. टाकीतली पातळी खाली गेली की ओढ वाढते, हवा जास्त शिरते. फीड पंपाच्या पुढे मात्र लाइन दाबाची, तिथली गळती ओली दिसते. आम्ही फक्त ओलं शोधत होतो.

मिस्त्रींनी स्वच्छ कॅनमधून छोटा पाइप थेट फीड पंपाला जोडला, हँड पंप मारून एअर काढली आणि गाडी चालू केली. दहा मिनिटं स्लोला, एकदाही अडखळली नाही. म्हणजे पंप, नोझल, इंजिन सगळं ठीक, दोष मागच्या लाइनमध्ये. चेसिसजवळ क्लिपखाली रबरी पाइपला बारीक चीर निघाली. नवा तुकडा आणि दोन क्लिपा, खर्च दोनशेच्या आत.

आठ हजारांबद्दल आबा काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "पुढच्या येळी आधी इचार, मग खोल." मित्रांनो, व्हायव्हाला कुणी विचारलं तर ट्रबलशूटिंगची माझी व्याख्या आता हीच आहे. आधी ड्रायव्हरला विचारा, मग फुकटच्या तपासण्या करा, आणि पाना सगळ्यात शेवटी उचला.