अंधवेगाचे गणित मांडताना



पल्स डॉपलर रडारच्या अभ्यासात अंधवेगाचे, म्हणजे वर्गात ज्याला सर्रास ‘ब्लाइंड स्पीड’ म्हणतात त्याचे, सूत्र एका ओळीत मावणारे असल्याने विद्यार्थी ते पाठ करून पुढे सरकतो. परंतु भागायचे दोनाने की चाराने, अशी शंका परीक्षेत आली की हे पाठांतर ऐनवेळी दगा देते. म्हणून चिरंजीव भाच्याने सूत्र क्षणभर बाजूला ठेवावे आणि दोन स्पंदांच्या मधल्या काळात विमान किती सरकते, एवढेच आधी पाहावे; उरलेले गणित त्यातूनच निघते.

रडार ठरावीक अंतराने रेडिओलहरींचे अत्यल्प काळ टिकणारे झोत सोडते. अशा झोताला स्पंद किंवा पल्स म्हणतात आणि एका सेकंदात जितके स्पंद सुटतात त्या संख्येला स्पंदांची पुनरावृत्ती-वारंवारता, म्हणजेच पीआरएफ म्हणतात. डोंगर, इमारती यांसारख्या स्थिर वस्तूंकडून परतणाऱ्या नकोशा प्रतिध्वनींना क्लटर अशी संज्ञा आहे. स्थिर वस्तूच्या प्रतिध्वनीची कला, म्हणजे परत येताना लहर आपल्या आवर्तनाच्या कोणत्या टप्प्यावर आहे ती अवस्था, प्रत्येक स्पंदाला तीच राहते. त्यामुळे लागोपाठच्या दोन प्रतिध्वनींची वजाबाकी केली की डोंगर पुसला जातो आणि हलत्या विमानाची कला बदलत असल्याने त्याची बाकी शिल्लक राहते. ही वजाबाकी करणाऱ्या भागाला कॅन्सलर म्हणतात. ख्रिस्तियान डॉपलर यांनी 1842 मध्ये जोडताऱ्यांच्या रंगांविषयी जे तत्त्व मांडले, तेच येथे कलेच्या या बदलातून कामाला येते.

आता आकडे घ्यावेत. रडारची वारंवारता 3 गिगाहर्ट्झ असेल तर तरंगलांबी 10 सेंटिमीटर येते, आणि पीआरएफ 1000 असेल तर दोन स्पंदांमध्ये एक हजारांश सेकंद जातो. रडारच्या दिशेने सेकंदाला 50 मीटर वेगाने येणारे विमान तेवढ्या वेळात 5 सेंटिमीटर पुढे सरकते; लहरीला मात्र जाणे आणि येणे असे दुहेरी अंतर कापावे लागत असल्याने तिचा मार्ग बरोबर 10 सेंटिमीटरने, म्हणजे एका पूर्ण तरंगलांबीने कमी होतो. पूर्ण आवर्तनाचा फरक म्हणजे कलेत फरक नसल्यासारखाच. म्हणून वजाबाकीची बाकी शून्य येते आणि ताशी 180 किलोमीटर वेगाने येणारे विमान कॅन्सलरला डोंगराइतकेच निश्चल भासते. विमान 100, 150 किंवा 200 मीटर वेगाने आले तरी तीच गत होते. तेव्हा तरंगलांबी गुणिले पीआरएफ भागिले दोन हा पहिला अंधवेग आणि त्याची पूर्ण पटी हे पुढचे अंधवेग होत. सूत्रातला दोन हा जाण्यायेण्याचा आहे, हे एकदा उमगले की तो विसरला जात नाही.

चाराचा घोळही याच उदाहरणात मिटतो. वेग 25 मीटर असेल तर लहरीचा मार्ग अर्ध्या तरंगलांबीने बदलतो, कला नेमकी उलटते आणि बाकी सर्वांत मोठी येते. म्हणजे चाराने भागून येणारा वेग हा विमान लपण्याचा नव्हे, तर ठळक दिसण्याचा आहे. त्याच्या पलीकडे विमान जवळ येते आहे की दूर जाते आहे, याविषयी संदिग्धता निर्माण होते, ही गोष्ट वेगळी. शिवाय अंधवेग हा एकच बिंदू नसून तो एक खड्डा आहे: साध्या कॅन्सलरमध्ये 45 मीटर वेगाला उरणारी शक्ती कमाल शक्तीच्या सुमारे दहाव्या भागावर येते, आणि 48 मीटरला ती चौसष्टाव्या भागाच्या आसपास घसरते.

गणितात धरायचा वेग हा अरीय वेग असतो, म्हणजे विमान आणि रडार यांना जोडणाऱ्या रेषेवरचा वेग. सेकंदाला 100 मीटर वेगाने जाणारे विमान त्या रेषेशी 60 अंशांचा कोन करत असेल तर त्याचा अरीय वेग 50 मीटर भरतो आणि त्या क्षणी ते दिसेनासे होते; म्हणून विमानाचा एकूण वेग थेट सूत्राशी ताडून पाहू नये.

पीआरएफ वाढवला की अंधवेग दूर जातो, हे खरे. पण त्याची किंमत पल्ल्यात मोजावी लागते. वरील रडारचा निःसंदिग्ध पल्ला, म्हणजे पुढचा स्पंद सुटण्यापूर्वी ज्याचा प्रतिध्वनी परततो ते कमाल अंतर, 150 किलोमीटर आहे. पीआरएफ दुप्पट केला तर पहिला अंधवेग 100 मीटरवर जातो आणि पल्ला 75 किलोमीटरवर येतो. या दोहोंचा गुणाकार तरंगलांबीने बांधलेला असल्याने एकाच पीआरएफने दोन्ही वाढवता येत नाहीत. त्यावर तोड म्हणून स्टॅगर, म्हणजे पीआरएफ आलटूनपालटून वापरणे, ही पद्धत आहे. 1000 आणि 800 अशी जोडी घेतली तर एकाचे अंधवेग 50, 100, 150, 200 आणि दुसऱ्याचे 40, 80, 120, 160, 200 येतात. दोघांना सामाईक असा पहिला वेग 200 मीटर, म्हणजे ताशी 720 किलोमीटर ठरतो. मात्र निःसंदिग्ध पल्ल्यापलीकडच्या डोंगराचा उशिरा पोहोचणारा प्रतिध्वनी स्पंदागणिक जागा बदलत असल्यामुळे तो वजाबाकीत पुसला जात नाही, हा या युक्तीचा तोटा ध्यानात ठेवावा.

शेवटी चिरंजीवाने एक उदाहरण हाताने सोडवावे: तरंगलांबी 23 सेंटिमीटर, पीआरएफ 350. पहिला अंधवेग सेकंदाला सव्वाचाळीस मीटर, म्हणजे ताशी सुमारे 145 किलोमीटर यायला हवा, आणि दोन स्पंदांमधले सरकणे साडेअकरा सेंटिमीटर, म्हणजे तरंगलांबीच्या बरोबर निम्मे भरायला हवे. हा दुसरा आकडा जुळल्याशिवाय पहिल्यावर विश्वास ठेवू नये आणि पुढचे प्रकरण उघडू नये.