आधी तोल, मग पायडल

मे महिन्याची सुट्टी लागली, की ठाण्या-डोंबिवलीची मंडळी मुलाबाळांसह मुरबाड-शहापूरकडे आपल्या गावी येतात. कल्याण-शिळ रस्त्यावर, ट्रकांच्या गर्दीत मूल सायकल कशी शिकणार? गावात शाळेचे पटांगण सुट्टीत मोकळे असते. सायकल शिकवायची ती तिथेच, सकाळच्या गारव्यात.

पुष्कळ जण मुलाला सीटवर बसवतात, हँडल धरतात आणि “मार पायडल, मार!” म्हणून ओरडतात. मूल घाबरते. त्याचे लक्ष पायांकडे जाते आणि तोल सुटतो.

सायकल कशी जन्मली ते पाहा. 1817 साली जर्मनीत द्राइस नावाच्या माणसाने दोन चाकांची लाकडी गाडी केली. तिला पायडल नव्हते. वर बसायचे आणि पायांनी जमीन मागे रेटायची. पायडलची सायकल पॅरिसमध्ये चालू लागली ती 1860 नंतर. म्हणजे माणूस आधी तोल शिकला, मग पायडल. आपणही मुलाला त्याच क्रमाने शिकवू या.

1. पान्ह्याने दोन्ही पायडले काढा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या काट्यांसारखे फिरवले की सुटते. सीट इतकी खाली घ्या, की दोन्ही पाय जमिनीला टेकतील.

2. मुलाला पायांनी ढकलत जाऊ द्या. ब्रेक हळूहळू दाबून थांबायला इथेच शिकवा.

3. सायकल ज्या बाजूला कलेल, त्याच बाजूला हँडल थोडे वळवायचे. डावीकडे कलली तर डावीकडे. मग चाके अंगाखाली येतात आणि सायकल सावरते. म्हणून हँडल आपण धरू नये. धरायचेच तर मुलाच्या पाठीला हात लावावा. फार हळू गेली तरी सायकल पडते. थोडा वेग हवा.

4. पाय उचलून मूल दहा-पंधरा पावले सरळ जाऊ लागले, की पायडले परत बसवा.

हे शिकवायला आपल्याला सायकल यावी लागते असे नाही. आईही शिकवू शकते, आजोबाही.

1888 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. त्या काळी सायकल म्हणजे पैसेवाल्यांची चैन. आज ती गरिबाची गरज आहे. गावची शाळा सातवीला संपते. पुढची शाळा चार-पाच किलोमीटर लांब. मुलगा कसाही जातो, मुलगी घरी बसते. म्हणून घरात एकच सायकल असली, तर मुलीला आधी शिकवा. “पोरीच्या जातीला काय करायचीय सायकल?” असे कोणी म्हटले, तर म्हणावे, “शाळेत जायचंय तिला!” मात्र ओढणी चाकात जाणार नाही अशी बांधून द्या.

मूल पडले तर हसू नका, रागावू नका. आपण मोठेपणी पाटीवर ‘ग’ गिरवला, तोही पहिल्या दिवशी वाकडाच आला होता. तोसुद्धा आपल्याच हाताने सुधारला.

सांगाल तिथे थांबता येते, मागे पाहताना सायकल डगमगत नाही, एवढे जमेपर्यंत मुलाला मोठ्या रस्त्यावर पाठवू नका.

प्रश्न
1. पायडले आधी का काढायची?
2. सायकल उजवीकडे कलली, तर हँडल कुठे वळवायचे?
3. तुमच्या गावातल्या किती मुली सातवीनंतर घरी बसल्या? नावे लिहून काढा.